मुंबईचे रस्ते आणि छायाचित्रकाराची स्वतःची दृष्टी

विल्यम जॉन्सन याचा मुंबईतील जातिजमातींवरील सचित्र ग्रंथ लंडन येथे दोन खंडांत, १८६३ व १८६६ साली, प्रसिद्ध झाला. पहिला खंड गुजरात, कच्छ व काठेवाडातील लोकांचा, दुसरा महाराष्ट्रीयांचा. त्यातील माणसांच्या मागे मुंबईचे देखावे दिसतात. परंतु ती माणसे तेथे उभी नव्हती. निराळ्या ठिकाणी घेतलेल्या त्यांच्या आकृती दुसऱ्याच छायाचित्रांतील देखाव्यांवर जुळविण्यात आल्या होत्या. मुंबईच्या रस्त्याचा छायाचित्रणाशी आलेला हा आरंभीचा संबंध अशा रीतीने बनावट होता.

यास तंत्राची मर्यादा कारण होती, हे खरे. १८५१ च्या कोलोडियन पद्धतीत काच ओली असतानाच चित्र घ्यावे लागे आणि कित्येक सेकंद स्थिर राहिल्यावाचून मनुष्य त्यावर स्पष्ट उमटत नसे. तथापि चित्राखाली व्यक्तीच्या नावाऐवजी बहुधा जातीचे वा धंद्याचे नाव घालण्याची सक्ती कोणत्याही काचेने केली नव्हती. तो निर्णय दृष्टीचा होता.

ही दृष्टी केवळ परक्यांची होती असे मानणे सोयीचे, पण इतिहासाला धरून नाही. १८५४ साली स्थापन झालेल्या मुंबईच्या छायाचित्रण-संस्थेच्या कार्यकारी मंडळात डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे होते, आणि त्यांनीही येथील लोकांचे 'नमुने'च टिपले. जन्माने जवळ असणे व दृष्टीने जवळ असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत.

१९२५ साली लायका हा हातात मावणारा कॅमेरा बाजारात आला आणि तंत्राची सबब उरली नाही. होमाई व्यारावाला (१९१३–२०१२) यांचे उदाहरण येथे विशेष विचारात घ्यावयास हवे. जे. जे. कलाशाळेत शिकलेल्या या पारशी तरुणीने आपल्या सहाध्यायिनी व शहरातील नित्याचे जीवन टिपले. त्या चित्रांत माणसे नमुना म्हणून उभी केलेली नाहीत. ती आपापल्या व्यवहारात गुंतलेली आहेत. परंतु आरंभीची ही कामे छापली गेली ती पती माणेकशा यांच्या नावाने. जॉन्सनच्या पानांवर चित्रातील माणूस निनावी होता. येथे दृष्टी जिची, तीच निनावी झाली. स्वतंत्र अभिव्यक्ती साधणे आणि ती आपली म्हणून मान्य होणे यांत केवढे अंतर असू शकते, याचा याहून बोलका दाखला मिळणे कठीण.

अकोल्यात १९६६ साली जन्मलेले सुधारक ओलवे यांनी मुंबई महानगरपालिकेच्या सफाई कामगारांवर जे काम केले, त्याने हाच प्रश्न दुसऱ्या टोकाने उभा केला. वृत्तपत्रीय छायाचित्रकाराला घटना हवी असते. कचरा उपसणे ही घटना नव्हे, ती रोज घडते. बहुसंख्येने दलित समाजातून आलेले हे कामगार रस्त्यावर सर्वांच्या समोर असूनही कोणाच्या नजरेत भरत नाहीत. ओलवे यांनी त्यांच्या गटारांपर्यंत आणि घरांपर्यंत कॅमेरा नेला. २०१६ साली त्यांना पद्मश्री मिळाली. सन्मानाने चित्रकाराचे नाव सर्वतोमुखी झाले. गटारात उतरलेल्या माणसाचे नाव मात्र आजही प्रेक्षक क्वचितच विचारतो.