एका नियमाची शंभर वर्षं

मंडळी, आज एका नियमाचा इतिहास बघू. न्यूयॉर्कचे प्रसूतितज्ज्ञ एडविन क्रेगिन यांनी १९१६ मध्ये तो मांडला: एकदा सिझेरियन झालं की पुढेही सिझेरियनच. आजही तो घरोघरी ऐकू येतो.

त्यामागे भीती होती गर्भाशय फाटण्याची. कळांच्या जोराने जुना व्रण उसवला, तर पोटात रक्तस्राव होतो, बाळाचा प्राणवायू तुटतो, आणि हातात मिनिटंच उरतात. त्या काळी छेद गर्भाशयाच्या वरच्या, जाड भागावर उभा घेत. कळांमध्ये जोराने आकुंचन पावतो तो हाच भाग! म्हणजे व्रण नेमका ओढाताणीच्या जागी. तेव्हा क्रेगिन यांचं म्हणणं रास्तच होतं. आणि गंमत बघा, त्यांचा खरा रोख होता तो पहिलंच ऑपरेशन जपून करा, यावर.

पुढे १९२० च्या दशकात ग्लासगोच्या मन्रो कर यांनी खालच्या, पातळ भागावर आडवा छेद घेण्याचा आग्रह धरला. असा व्रण पुढच्या बाळंतपणात फाटण्याची शक्यता साधारण २०० त १. उभ्या व्रणाची कितीतरी जास्त. कारण बदललं, पण वाक्य तसंच राहिलं.

मग लंबक उलटा गेला. १९८० नंतर अमेरिकेत सिझेरियननंतरच्या नैसर्गिक प्रसूतीला प्रोत्साहन मिळालं, पण पुष्कळदा सरसकट. व्रण असलेल्या बायकांनाही कळा आणणारी औषधं दिली गेली. २००१ मध्ये वॉशिंग्टन राज्यातला अभ्यास आला. कळा आपोआप आल्या तिथे गर्भाशय फाटण्याचं प्रमाण हजारी सुमारे ५. प्रोस्टाग्लँडिन देऊन आणल्या तिथे सुमारे २४.

तत्त्वज्ञानात आम्ही म्हणतो, नियम कारणासकट शिकावा. इथे दोन्ही वेळा कारण गळालं आणि किंमत बाईने मोजली: कधी नको असलेल्या ऑपरेशनची, कधी फाटलेल्या गर्भाशयाची.

व्रण नसला म्हणून निर्धास्त राहता येत नाही, बरं का. बाळंतपण अडलं आणि कळा तासन्‌तास चालूच राहिल्या, तर धड गर्भाशयही फाटतं. म्हणून तर प्रसूतीची प्रगती तक्त्यावर मांडतात, वेळीच मोठ्या दवाखान्यात हलवता यावं म्हणून.

आणि व्रण असेल, तर पहिला प्रश्न: आतला छेद कुठला? पोटावरची खूण आडवी असली तरी आतला छेद उभा असू शकतो. ते फक्त ऑपरेशनच्या कागदात सापडतं. तो कागद जपून ठेवा, पुढच्या खेपेला पहिल्याच तपासणीत दाखवा, आणि बाळंतपण तातडीने ऑपरेशन होऊ शकेल अशाच ठिकाणी ठरवा.