टेस्टिंग रूममध्ये कळणारी द्राक्षबाग : वाइन द्राक्ष उत्पादकांसाठी चाखणीची माहिती

वाइन द्राक्षे पिकवणाऱ्या बहुतेक शेतकऱ्यांचा संबंध क्रेट वाइनरीच्या दारात उतरले, रिफ्रॅक्टोमीटरवर ब्रिक्स पाहिला आणि वजनाची पावती मिळाली की संपतो. पुढे त्या द्राक्षाचे काय झाले, हे त्यांना कोणी सांगत नाही. ते कळण्याची सोपी जागा म्हणजे वाइनरीची टेस्टिंग रूम. राज्याचे द्राक्ष प्रक्रिया उद्योग धोरण २००१ मध्ये आले आणि २००५ मध्ये नाशिकजवळ सुला विनयार्ड्सने टेस्टिंग रूम सुरू केली. त्यानंतर या भागातील अनेक वाइनरींनी ही सोय केली. तिथे पर्यटकांची गर्दी असते, शेतकरी क्वचितच दिसतो.

पदवीनंतर काही महिने मी अशाच एका ठिकाणी वाइन ओतण्याचे काम केले. एकदा हिशेबासाठी आलेल्या एका द्राक्ष उत्पादकाला शिराझ दिली. एक घोट घेऊन ते म्हणाले, "साहेब, आम्ही तर साखर भरल्यावरच माल तोडला होता. मग ही आंबट-तुरट कशी?" प्रश्न रास्त होता. यीस्ट रसातील साखरेचे अल्कोहोल करते. ढोबळमानाने १ ब्रिक्समागे ०.५५ ते ०.६ टक्का अल्कोहोल तयार होते, म्हणजे २२ ब्रिक्सच्या रसातून साधारण १२ ते १३ टक्के. पूर्ण आंबलेल्या वाइनमध्ये गोडी जवळजवळ उरत नाही. उरतात ती आम्ले, सालीतला तुरटपणा आणि वास. या तिन्ही गोष्टी बागेत ठरतात, पण मालाचा दर ठरवताना बहुधा फक्त साखर मोजली जाते.

चाखणी कशी चालते

एका वाइनचे माप साधारण ३० मिलि असते. क्रम हलक्याकडून भारीकडे : आधी स्पार्कलिंग, मग पांढरी, रोझे, लाल आणि शेवटी गोड लेट हार्वेस्ट. गोड वाइन आधी घेतली तर पुढची प्रत्येक वाइन उगाच आंबट लागते. पांढरी वाइन ८ ते १२ अंश सेल्सिअस आणि लाल १६ ते १८ अंशांना द्यावी. लाल वाइन खोलीच्या तापमानाला द्यायची हा नियम थंड देशातला आहे. एप्रिलमध्ये आपल्याकडची खोली ३० अंशांच्या वर असते आणि तशी दिलेली लाल वाइन नाकात नुसती झोंबते.

ग्लास दांड्याला धरावा. पांढऱ्या कागदावर तिरका करून रंग पाहावा, फिरवून वास घ्यावा, मग छोटा घोट तोंडभर फिरवून थुंकण्याच्या भांड्यात टाकावा. थुंकण्यात कमीपणा नाही. वाइनमेकर दिवसभरात अनेक नमुने तसेच तपासतात. ओतणाऱ्याने कामावर असताना गिळू नये. त्याने अत्तर, वासाचे तेल टाळावे आणि खोलीत उदबत्ती लावू नये. नवी बाटली उघडली की आधी स्वतः वास घ्यावा. ओल्या पुठ्ठ्यासारखा वास आला तर तो बुचाचा दोष असतो, ती बाटली बाजूला ठेवावी. उघडलेल्या बाटलीवर तारीख लिहून ती फ्रिजमध्ये ठेवावी. दोन-तीन दिवसांनंतर ती पाहुण्याला देऊ नये. कायद्याने ठरवलेले वय पूर्ण नसलेल्याला आणि गाडी चालवणाऱ्याला आग्रह तर सोडाच, ग्लासही देऊ नये.

पाहुणा मिसळ खाऊन आलेला असेल तर लाल वाइनने सुरुवात करू नका. तुरटपणा आणि अल्कोहोलमुळे तिखट आणखी भाजते. किंचित गोडसर शेनिन ब्लाँ तिथे बरी लागते.

वासावरून बागेतील चूक

शेतकऱ्याच्या कामाचा खरा भाग हा आहे.

कॅबर्ने सोव्हिन्यों किंवा सोव्हिन्यों ब्लाँमध्ये ढोबळी मिरचीचा उग्र वास आला, तर घड सावलीत वाढले किंवा माल कच्चा तोडला असे समजावे. हा वास मेथॉक्सीपायराझीन या घटकांचा. घडावर कोवळेपणी ऊन पडले तर ते कमी राहतात. टनेज वाढावे म्हणून जास्त नत्र आणि पाणी दिले, डॉगरिजसारखा जोमदार खुंट असला, की पर्णसंभार दाटतो आणि आतला घड अंधारात राहतो. उत्तर-दक्षिण ओळींत मण्यात पाणी उतरण्यापूर्वी घडाभोवतीची पूर्वेकडील काही पाने काढावीत, म्हणजे सकाळचे ऊन मिळते. पश्चिमेची पाने ठेवावीत. दुपारच्या उन्हात मणी भाजतात.

वाइन चवीला सपक आणि लालचा रंग विटकरी किंवा मळकट असेल, तर बऱ्याचदा रसाचा सामू चढलेला असतो. इथे खाण्याच्या द्राक्षाची सवय नडते. गोडी वाढावी म्हणून शेवटच्या टप्प्यात ०:०:५० च्या फवारण्या आणि ड्रिपमधून पोटॅश देण्याची आपल्याला सवय आहे. वाइन द्राक्षात जादा पोटॅश मण्यात साठते, टार्टारिक आम्ल बांधले जाते आणि सामू वाढतो. मग वाइनमेकरला बाहेरून टार्टारिक आम्ल घालावे लागते. पोटॅश देठ परीक्षणानुसारच द्यावे. पांढऱ्या जातींच्या रसाचा सामू साधारण ३.२ ते ३.४ आणि लाल जातींचा ३.४ ते ३.६ असावा.

सडक्या अंड्याचा वास दोन कारणांनी येतो. काढणीच्या तोंडावर भुरीसाठी मारलेले गंधक मण्यावर राहते, किंवा रसात यीस्टला लागणारे नत्र कमी पडते. काढणीपूर्वीचे साधारण पाच आठवडे गंधक टाळावे. वाइनरीची मुदत याहून जास्त असेल तर ती पाळावी. नत्राची कमतरता वाइनरीत भरून काढता येते. गंधकाची चूक मात्र बागेतलीच.

व्हिनेगर किंवा नेलपॉलिशसारखा वास हा फुटलेल्या, कुजलेल्या मण्यांचा, नाहीतर टाकीतील निष्काळजीपणाचा. आपल्या बाजूने पहाटे तोडणी करावी, क्रेट काठोकाठ भरू नयेत, कुजलेले मणी बागेतच काढावेत आणि माल उन्हात उभा न ठेवता काही तासांत क्रशिंगला पोचवावा. भुरी लागलेल्या घडांचा बुरसट वास कशानेच जात नाही.

काढणीआधी मणी चाखा

वाइन न चाखताही यातील बरेचसे शिकता येते. अनेक शेतकरी माळकरी आहेत, घरात दारू वर्ज्य असते. त्यांनी नुसता वास घेतला किंवा मणी चाखला तरी पुरते.

काढणीच्या अंदाजे तीन आठवडे आधीपासून दर चार-पाच दिवसांनी १०० मणी गोळा करावेत. ओळीच्या दोन्ही बाजूंचे, उन्हातले आणि सावलीतले, घडाच्या वरचे, मधले आणि टोकाचे मणी घ्यावेत. नुसते उन्हातले टपोरे मणी घेतले तर ब्रिक्स सहज दोन अंशांनी फसवतो. पिशवीत चुरडून रस गाळावा आणि ब्रिक्स, सामू, आम्लता पाहावी. मग काही मणी चावून बघावेत. बी हिरवी आणि कडू असेल तर ब्रिक्स कितीही दिसो, लाल जात अजून तयार नाही. बी तपकिरी, कुरकुरीत आणि साल चावताना जिभेला कमी चिकटणारी असली की वाइनरीला फोन करावा.

विस्तार कार्यकर्त्यांसाठी

हंगामानंतर, एप्रिलच्या खरड छाटणीच्या धांदलीआधी किंवा ती उरकल्यावर, पुरवठादार शेतकऱ्यांची एक बैठक वाइनरीच्या टेस्टिंग रूममध्ये घ्यावी. एकाच जातीच्या दोन-तीन वाइन नाव झाकून ठेवाव्यात. त्यातली एक सदोष असली तर उत्तम, कारण चांगल्या वाइनवरून शेतकरी फार शिकत नाही. शेजारी पाणी आणि साधा पाव ठेवावा. प्रत्येकाने आधी मत सांगावे, वाइनमेकरने शेवटी बोलावे. तो आधी बोलला की सगळे मान डोलावतात.

एक अडचण मात्र राहते. अनेक बागांचा माल एकाच टाकीत जातो, त्यामुळे बाटलीतील दोष कोणाचा हे नंतर सांगता येत नाही. तरीही 'क्वालिटी नव्हती' म्हणून पुढच्या वर्षी दर कापला जातो. म्हणून करार करतानाच ब्रिक्ससोबत सामू, आम्लता आणि कुजीची टक्केवारी क्रशिंगच्या वेळी तुमच्या लॉटच्या नावाने लेखी मिळेल, ही अट घालून घ्यावी. ती पावती छाटणीच्या आणि फवारणीच्या नोंदींसोबत त्याच वहीत लावावी.