अक्षर आणि उजेड

बंगळूर ही एके काळी शहाजीराजांच्या जहागिरीची नगरी. 1905 साली शिवनसमुद्रच्या धबधब्यावरील वीज येथे आली आणि रस्ते उजळले. 1913 साली मिंटो नेत्ररुग्णालयाची भव्य वास्तू उभी राहिली. दिवा आणि डोळा यांचा संबंध मात्र त्याहून जुना आहे.

1862 साली उत्रेख्त येथील नेत्रवैद्य हेर्मान स्नेलेन याने दृष्टी मोजण्याचा तक्ता सिद्ध केला. सहा मीटरांवरून सुमारे नऊ मिलिमीटर उंचीचे अक्षर ओळखता आले, म्हणजे दृष्टी निर्दोष समजावयाची. अक्षराचे माप असे ठरले. परंतु ते किती उजेडात वाचावयाचे, याविषयी एकवाक्यता नव्हती. उजेड मंदावला की डोळ्याची बाहुली विस्फारते, काळ्या-पांढऱ्यातील भेद पुसट होतो; तक्ता पिवळा पडला असेल, तर अधिकच. रेल्वेच्या नोकरीसाठी आलेला उमेदवार अशा खोलीत एक ओळ चुकला, तर दोष त्याच्या डोळ्याचा की दिव्याचा?

जुन्या तक्त्याच्या ओळींत अक्षरांची संख्याही सारखी नव्हती. 1976 साली ऑस्ट्रेलियात बेली व लव्ही यांनी प्रत्येक ओळीत पाच अक्षरे योजून ओळींचा उतार समप्रमाणात ठेवला. 1982 साली अमेरिकेत फेरिस व स्पर्डुटो यांनी तक्त्यामागून ठरावीक प्रकाश देणारी पेटी पुढे आणली. अक्षराला माप मिळाल्यावर उजेडाला ते मिळावयास असा शतकाहून अधिक काळ लागला. तपासणीच्या खोलीत आजही प्रथम तपासावयाचा असतो, तो दिवाच.