रिकामे ताट परत देऊ नये

दिवाळीत शेजाऱ्यांकडून फराळाचे ताट आले की ते रिकामे परत करावयाचे नाही, हा आमच्या चाळीचा अलिखित कायदा होता. ताटात आपल्या घरच्या चार चकल्या घालाव्यात, तेही नसेल तर चिमूटभर साखर तरी ठेवावी, पण ताट उघडेबोडके पाठवू नये. आईने हा कायदा आयुष्यभर पाळला. एकदाच तिची पंचाईत झाली, ती १९६६ च्या दिवाळीत.

त्या वर्षी घरात धान्य असे ते रेशनच्या दुकानातले. गहू तांबडा. त्याची कणीक कितीही तिंबली तरी पोळी निवली की चामड्यासारखी होई. मिलो नावाची तांबूस ज्वारीही मिळे. तिच्या भाकरीला भाकरी म्हणताना आईचा जीव कसनुसा होई. वडील, म्हणजे आमचे अण्णा, गोदीत कारकून. ते संध्याकाळी घरी आले की आईचा पहिला प्रश्न ठरलेला असे, "बोट लागली का हो?" बोट लागली तर पोट भरणार, असे ते दिवस.

अशा त्या दिवाळीत शेजारच्या काकूंकडून चिवड्याचे ताट आले. आमचे शंकरपाळे वाटून संपलेले, साखरेचा डबा खडखडीत. आई क्षणभर थबकली आणि मग तिने ओंजळभर तांबडा गहू त्या ताटात ओतला. काकू हसून म्हणाल्या, "अहो वहिनी, हा गहू तर आमच्याही डब्यात आहे!" आई म्हणाली, "असू दे हो. रिकामं ताट कसं देऊ?" दोघी पुष्कळ हसल्या. मी अण्णांना विचारले, "हा गहू कुठला?" ते म्हणाले, "अमेरिकेचा. पी. एल. ४८०." मला ते एखाद्या आगगाडीचे नाव वाटले.

पुढे मी शाळेत इतिहास शिकवू लागले, तेव्हा त्या आगगाडीचा माग काढला. श्रीमंत देश गरिबांना मदत करतात म्हणजे नेमके काय करतात, हे मला सनावळ्यांपेक्षा त्या तांबड्या गव्हानेच अधिक शिकवले. तीच हकीकत वाचकांपुढे ठेवते.

एका राष्ट्राने दुसऱ्याला उभे करण्यासाठी पद्धतशीर पैसा द्यावा, ही कल्पना तशी अलीकडची. दुसऱ्या महायुद्धाने युरोप उद्ध्वस्त झाला, तेव्हा अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री जॉर्ज मार्शल यांनी जून १९४७ मध्ये एका भाषणात तिचे सूतोवाच केले. १९४८ पासून चार वर्षांत पश्चिम युरोपातील सोळा देशांना १,३०० कोटी डॉलरच्या आसपास मदत मिळाली आणि त्यातील बहुतांश परतफेडीविना होती. युरोप पुन्हा उभा राहिला, अमेरिकेला गिऱ्हाईक मिळाले आणि साम्यवादालाही आळा बसला. परोपकार आणि स्वार्थ एकाच बैलगाडीला जुंपले होते, आणि गाडी चालली, हे मान्य केले पाहिजे.

१९४९ च्या जानेवारीत अध्यक्ष ट्रूमन यांनी मागासलेल्या देशांनाही ज्ञान आणि तंत्र देण्याची घोषणा केली. परंतु आपल्या वाट्याला मोठ्या प्रमाणावर आले ते धान्य, आणि त्याला कारण होते. अमेरिकन शेतकरी खपापेक्षा कितीतरी अधिक गहू पिकवीत होता. सरकार हमीभावाने तो विकत घेई आणि कोठारे ओसंडून वाहत. तेव्हा जुलै १९५४ मध्ये अध्यक्ष आयसेनहॉवर यांच्या सहीने एक कायदा झाला, 'पब्लिक लॉ ४८०'. ज्यांच्यापाशी डॉलर नाहीत त्यांनी हा गहू आपल्याच नाण्यात विकत घ्यावा, असा त्याचा मथितार्थ. म्हणजे आमचा तांबडा गहू फुकटचा नव्हता. त्याची किंमत रुपयांत दिल्लीत अमेरिकेच्या खात्यावर जमा होई. त्यातून वकिलातीचा खर्च भागे आणि मोठा भाग आपल्याच योजनांसाठी कर्ज वा अनुदान म्हणून परत मिळे.

भारताचा पहिला करार ऑगस्ट १९५६ मध्ये झाला. सर्वांत मोठा करार मे १९६० चा. त्यावर वॉशिंग्टनला सही केली ती त्या वेळचे अन्नमंत्री, आपल्या मुंबईचे स. का. पाटील यांनी, आणि समोर सहीला बसले होते खुद्द अध्यक्ष आयसेनहॉवर. चार वर्षांत १ कोटी ६० लाख टन गहू आणि १० लाख टन तांदूळ. शहरे निश्चिंत झाली. मात्र स्वस्त परदेशी गहू दुकानात असताना आपल्या शेतकऱ्याने अधिक पिकवावे कशासाठी, हा प्रश्न जाणत्यांना तेव्हाही टोचत होता. लोकांनी तर गाजरगवताचा दोषही याच गव्हावर टाकला. पण पुण्यात ते तण १९५५-५६ च्या सुमारासच नोंदले गेले होते, तेव्हा तो हिशेब जुळतोच असे नाही.

आणि मग १९६५ व १९६६ असे लागोपाठ दोन पावसाळे रुसले. पाकिस्तानशी युद्ध झाले होते. लालबहादुर शास्त्रींनी सोमवारी रात्रीचे जेवण सोडण्याचे आवाहन केले. याच सुमारास अध्यक्ष जॉन्सन यांनी दीर्घ मुदतीचा करार नाकारून धान्य महिन्या-दोन महिन्यांच्या बेताने सोडावयाचे ठरविले. नोव्हेंबर १९६५ मध्ये आपले अन्नमंत्री सी. सुब्रह्मण्यम् रोमला अमेरिकेच्या शेतीमंत्र्यांना भेटले आणि शेतीवर अधिक खर्च, नवे बियाणे, अधिक खत अशी कलमे ठरली. सुब्रह्मण्यम् यांना हे सारे स्वतःलाही करावयाचेच होते. पण स्वतःहून करणे वेगळे आणि दारी उभे राहून कबूल करणे वेगळे. जून १९६६ मध्ये मदत देणाऱ्यांच्याच आग्रहाने रुपयाचे अवमूल्यन झाले आणि पावणेपाच रुपयांचा डॉलर साडेसात रुपयांना जाऊन बसला. जुलैत इंदिराजींनी उत्तर व्हिएतनामवरील बॉम्बवर्षाव थांबवावा असे म्हटले, ते वॉशिंग्टनला झोंबले. आई काकूंच्या ताटात गहू ओतीत होती त्याच महिन्यांत नवा करार जॉन्सन यांच्या मेजावर अडकून पडला होता. 'बोट लागली का' या आईच्या प्रश्नाचे उत्तर असे सात समुद्रांपलीकडे एका माणसाच्या लहरीत होते.

पण कृतघ्न होऊ नये. त्या एका वर्षात सुमारे एक कोटी टन धान्य परदेशांतून आले आणि त्यातील बहुतेक अमेरिकेचेच होते. ते आले नसते तर बिहारात काय झाले असते याची कल्पनाही नको वाटते. १९४३ च्या बंगालची आठवण तेव्हा ताजी होती. तांबडी पोळी चिवट होती, पण तिने आम्हांला जगवले.

तरी माझ्या मते खरी मदत पोत्यातून आली नाही, बियाण्यातून आली. १९६६ साली भारताने मेक्सिकोहून १८,००० टन बुटक्या जातीच्या गव्हाचे बियाणे विकत आणले. त्यामागे नॉर्मन बोरलॉग यांचे संशोधन होते आणि त्या संशोधनामागे रॉकफेलर प्रतिष्ठानाचा अमेरिकन पैसाच. आपल्या शास्त्रज्ञांनी ते इथल्या मातीत रुळविले, पंजाबच्या शेतकऱ्यांनी पेरण्याचे धाडस केले, आणि १९६८ च्या हंगामात देशाचा गहू १ कोटी ६५ लाख टनांवर गेला. पूर्वीचा उच्चांक सव्वा कोटीचा होता. सरकारने त्या वर्षी गहूक्रांतीचे पोस्टाचे तिकीट काढले. पुढे १९७१ अखेर पी. एल. ४८० चा गहू यायचा थांबला. पोते एक महिना जगवते. बियाणे पुन्हा पोते मागायची वेळ येऊ देत नाही.

साचलेल्या रुपयांचे काय झाले? फेब्रुवारी १९७४ मध्ये अमेरिकेचे राजदूत मॉयनिहन यांनी भारत सरकारला १,६६४ कोटी रुपयांचा धनादेश दिला. इतक्या मोठ्या रकमेचा धनादेश तोवर जगात कोणी लिहिला नव्हता. पण त्याआधीच, १९६२ पासून, त्या रुपयांतील थोडे एका वेगळ्याच कामी लागले होते. त्यांतून भारतीय भाषांतील पुस्तके आणि नियतकालिके विकत घेऊन अमेरिकन ग्रंथालयांना धाडली जात. काही वर्षांपूर्वी लेकीकडे गेले असता शिकागो विद्यापीठाच्या ग्रंथालयात मराठी पुस्तकांची रांगच्या रांग पाहिली, आणि माझे डोळे भरून आले. आमच्या चिवट पोळीचे पैसे तिथे कथा-कादंबऱ्या होऊन उभे होते. आईच्या भाषेत सांगायचे तर, ताट अगदीच रिकामे गेले नव्हते.

आता थोडे श्रीमंतांच्या वचनाविषयी. ऑक्टोबर १९७० मध्ये संयुक्त राष्ट्रसंघाच्या आमसभेने ठराव केला की, सधन देशांनी आपल्या राष्ट्रीय उत्पन्नातील शंभर रुपयांमागे सत्तर पैसे गरीब देशांच्या विकासासाठी द्यावेत, आणि ही मजल दशकाच्या मध्यापर्यंत गाठावी. स्वीडनने ती १९७४ मध्ये गाठली. मागोमाग नेदरलँड्स, नॉर्वे, डेन्मार्क आले. अमेरिकेने तिची मुदत कधी मान्यच केली नाही. ब्रिटनने २०१३ मध्ये सत्तर पैसे पुरे केले, २०१५ मध्ये त्याचा कायदा केला आणि २०२१ मध्ये ते पन्नासवर आणले. २०१५ मध्ये साऱ्या राष्ट्रांनी मिळून २०३० पर्यंतची सतरा उद्दिष्टे ठरविली. त्यांतले पहिलेच दारिद्र्याचे निर्मूलन. आणि २०२४ चा हिशेब असा, की सधन देशांची सरासरी सत्तरऐवजी सुमारे तेहतीस पैसे. सत्तर पुरे करणारे चारच : नॉर्वे, लक्झेंबर्ग, स्वीडन, डेन्मार्क. रकमेने सर्वांत मोठी दाती असलेल्या अमेरिकेचे शंभरातले पाव रुपयाही भरत नव्हते. आणि १९६१ मध्ये केनेडींनी स्थापिलेली तिची मदतसंस्था तर १ जुलै २०२५ रोजी बंदच झाली.

हे वाचून कोणी म्हणेल, चला, मिंधेपण संपले. माझ्याने तसे म्हणवत नाही. बोटीची वाट पाहणाऱ्या घरात मी वाढले आहे. आजही जगात कुठेतरी एखादी आई तोच प्रश्न विचारीत असेल, आणि तिच्या धन्याला उत्तर माहीत नसेल.

म्हणून एक दृश्य सांगून थांबते. फेब्रुवारी २०२२ मध्ये अटारीच्या सीमेवरून पन्नास मालमोटारी अफगाणिस्तानाकडे निघाल्या. त्यांत २,५०० टन गहू होता. भारताने देऊ केलेल्या ५०,००० टनांचा हा पहिला हप्ता. वाट पाकिस्तानातून जाणारी, तिथले राज्य आपण मान्य न केलेले, तरी गहू गेला. दूरचित्रवाणीवर ते पाहताना मला त्या ओंजळभर तांबड्या गव्हाची आठवण झाली. ज्याने दिले त्यालाच परत द्यावे असे थोडेच आहे? चाळीत एका घरचे ताट दुसऱ्या घरी, दुसऱ्याचे तिसऱ्या घरी असे फिरतच असते. ते फिरत राहावे, आणि कोणाच्याही दारातून रिकामे परतू नये, एवढेच.