पुढच्या चाकांची ओढ

बोईसर-तारापूरजवळच्या नवापूरच्या किनाऱ्यावर, बैल गाडीच्या पुढें जुंपावे कीं मागें, असा प्रश्न कोणी काढला तर लोक त्यास वेड्यांत काढतील. मोटारगाडी निघाली तेव्हां मात्र शिल्पज्ञांनीं दीर्घकाळ उलटाच मार्ग धरला. इंजिन पुढें आणि त्याची शक्ति लांब दांड्यानें मागल्या चाकांस. म्हणजे गाडी मागून ढकलावयाची. यास कारण अज्ञान नव्हतें. जें चाक वळतें त्यालाच शक्ति देऊन फिरविणें अवघड होतें. वळतांना दांड्याचा सांधा वांकतो, आणि साध्या सांध्यांतून गति एकसारखी न जातां हिसके बसतात.

फ्रान्सांत क्युन्यो यानें १७७० च्या सुमारास वाफेच्या गाडीचें एकुलतें पुढचें चाक फिरविलें होतें. परंतु सांध्याचें कोडें सुटावयास विसावें शतक उजाडावें लागलें. ग्रेग्वार व फनाय या फ्रेंच जोडीनें १९२६ च्या सुमारास समवेग सांधा वापरांत आणला, आणि १९३४ सालीं सित्रोएन कंपनीनें अशा गाड्या मोठ्या प्रमाणावर काढल्या. १९५९ सालीं इंग्लंडांत इसिगोनिस यानें ‘मिनी’ गाडींत इंजिन आडवें बसवून थोडक्या जागेंत चार माणसांची सोय केली. याच चिमुकल्या गाडीनें माँटे कार्लोची शर्यत १९६४, १९६५ व १९६७ सालीं जिंकली.

या रचनेचा लाभ उघड आहे. लांब दांडा जातो, तळ सपाट होतो, आणि इंजिनाचें वजन ओढणाऱ्या चाकांवरच पडल्यामुळें निसरड्या रस्त्यावर पकड चांगली राहते. उणीवही तितकीच खरी आहे. वेग एकाएकीं वाढविला कीं भार मागें सरकतो व पुढचीं चाकें हलकीं होतात. वळणावर तींच ओढतात आणि तींच दिशा देतात; जोर अति झाला तर गाडी वळणाबाहेर सरकूं पाहते. म्हणून चपळ गाडीचा गुण केवळ अश्वशक्तीवरून ठरत नाहीं.

आपल्याकडे कुर्ल्याच्या कारखान्यांतील ‘पद्मिनी’ मागल्या चाकांवर चाले. डिसेंबर १९८३ मध्यें आलेल्या ‘मारुति ८००’ नें नवी पद्धति रूढ केली. पण तिचा मूळ आराखडा जपानी होता. स्वतःच्या आराखड्याची गाडी काढण्याचें धाडस पुण्यांत झालें. टाटांची ‘इंडिका’ जानेवारी १९९८ मध्यें दिल्लीच्या प्रदर्शनांत दिसली व ३० डिसेंबर १९९८ रोजीं बाजारांत आली. रूप ठरविण्यास इटलींतील तुरीनच्या संस्थेचें साहाय्य होतें. ऑस्ट्रेलियांतील निसान कंपनीच्या बंद कारखान्याची यंत्रसामग्री उतरवून पुण्यास आणली गेली. एकंदर खर्च सुमारें १,७०० कोटी रुपये झाला. गाडीची लांबी सुमारें ३.६६ मीटर, इंजिन चार नळकांड्यांचें, १,४०५ घन सेंटिमीटरचें. डिझेलवर त्याची शक्ति सुमारें ५३ अश्वशक्ति होती.

पहिल्या आठवड्याभरांतच १,१५,००० मागण्या आल्या. मात्र आनंद फार टिकला नाहीं. आरंभीच्या गाड्यांतील दोषांमुळें गिऱ्हाइकें नाराज झालीं, आणि २०००-०१ या वर्षीं कंपनीस ५०० कोटी रुपयांचा तोटा आला. हा मोटारींचा उद्योग विकून टाकावा, असाही विचार झाला. तथापि रतन टाटा व त्यांचे शिल्पज्ञ यांनीं दोषांचा पाठपुरावा करून २००१ सालीं सुधारलेली ‘व्ही-टू’ आवृत्ति काढली, व गाडीचा जम बसला. दरम्यान, २००० सालीं जिनिव्हाच्या प्रदर्शनांत ‘आरिया’ ही दोन आसनांची चपळ नमुनागाडी मांडली गेली. ती नमुनाच राहिली. घरोघरची इंडिका मात्र २०१८ पर्यंत निघत होती.

शर्यतीच्या गाडीचा मोह कोणास नसतो? परंतु पुण्याच्या कारखान्याची खरी परीक्षा वेगांत झाली नाहीं. ती तोट्याच्या वळणावर झाली. जीं चाकें वळवावयाचीं त्यांनींच भार ओढावयाचा, ही या रचनेची अट आहे. ती अट कारखान्यासही लागू पडली, आणि त्यानें ती पुरी केली.