मठाच्या दारातील रांग

अमेरिकेतील डेट्रॉईट आपल्याला ठाऊक आहे ते मोटारींमुळे. त्या शहराच्या पूर्व भागात, माउंट एलियट रस्त्यावर, संत बोनाव्हेंचर यांच्या नावाचा कापुचिन मठ आहे. १९२९ च्या नोव्हेंबरात ह्या मठाने अन्नछत्र उघडले. त्याचा इतिहास बहुधा फादर सोलानस केसी यांच्या नावाने सांगितला जातो. १८ नोव्हेंबर २०१७ रोजी ख्रिस्तसभेने त्यांना 'धन्य' घोषित केले, तेव्हा ते स्वाभाविकच आहे. आम्हांला मात्र त्यांच्या पाठीमागे उभी असलेली बिननावाची माणसे अधिक खुणावतात.

फादर सोलानस हे आयरिश घरातले. मिलवॉकीच्या सेमिनरीत त्यांना जर्मन व लॅटिन भाषांतून शिकावे लागले आणि गुण कमी पडले. पुढे कापुचिन संघात १९०४ साली त्यांना गुरुदीक्षा मिळाली, तीही पापनिवेदन ऐकण्याची व धर्मसिद्धान्तांवर प्रवचन करण्याची मुभा न देता. सेमिनरीतील परीक्षांची धास्ती ज्यांनी अनुभवली आहे, त्यांना ह्या अटीचा बोचरेपणा वेगळा सांगायला नको. १९२४ पासून ते ह्या मठाचे द्वारपाल झाले. भुकेली माणसे प्रथम दाराशीच येतात, हे त्यांना तेथे नेमणाऱ्या वरिष्ठांच्या ध्यानी आले नसावे!

ऑक्टोबर १९२९ मध्ये न्यूयॉर्कचा शेअरबाजार कोसळला. त्या वर्षीच्या मार्चमध्ये फोर्ड कंपनीत सुमारे १,२८,००० कामगार होते. ऑगस्ट १९३१ मध्ये सुमारे ३७,००० उरले. दारावर येईल त्याला काहीतरी खायला द्यावे, ही मठाची जुनी रीत आता पुरेनाशी झाली. मग शेजारच्या, फ्रान्सिस्कन तृतीय संघाच्या सभागृहात पंगती बसू लागल्या. मंदीच्या भरात रांग दोन हजारांच्या घरात जाई.

तृतीय संघ म्हणजे संत फ्रान्सिसच्या वाटेने चालणारे प्रापंचिक. घरदार, मुलेबाळे असलेले. शेतकऱ्यांकडे जाऊन भाजीपाला गोळा करणे, सूप शिजवणे, पाव भाजणे, वाढणे ही कामे त्यांनी अंगावर घेतली. त्यांतील कित्येकांच्या स्वतःच्या नोकऱ्याही तेव्हा भरवशाच्या नसणार. एकदा पाव संपला, फादर सोलानस यांनी रांगेतल्या लोकांसह प्रभूची प्रार्थना म्हटली आणि पावाने भरलेली गाडी दारात आली, अशी कथा सांगतात. ती आम्हांलाही प्रिय आहे. परंतु गाडीतला पाव कोणीतरी उतरवला, कापला, हातोहाती पोचवला. दुसऱ्या दिवशी पुन्हा येऊन तेच काम केले. त्याची कथा झाली नाही.

मंदी सरली, अन्नछत्र राहिले. १९५० साली डेट्रॉईटची लोकसंख्या साडेअठरा लाख होती. २०२० साली ती सहा लाख चाळीस हजारांच्या आत आली. कारखाने हलले, गोरी कुटुंबे उपनगरांत गेली. जुलै १९६७ च्या दंगलीत ४३ माणसे मेली. १९८९ साली धर्मप्रांताने शहरातील तीसएक चर्चेस बंद केली. २०१३ साली नगरपालिकेने दिवाळे जाहीर केले.

पळी हाती धरणारे स्वयंसेवक आता बरेचसे उपनगरांतल्या धर्मग्रामांतून येतात. त्यांतील काहींचे आईवडील वा आजीआजोबा पूर्वी ह्याच शहरात राहत असत. ताट पुढे करणारे बहुतांशी कृष्णवर्णीय, जे मागे राहिले ते. दोघे टेबलाच्या दोन बाजूंना उभे असतात आणि मधले अंतर सूपाने भरून निघत नाही. नव्वदी ओलांडलेले अन्नछत्र हा मठाचा गौरव म्हणावा, की शहराची नामुष्की? आम्हांला दोन्ही वाटते. ताट मात्र तोवर रिकामे ठेवता येत नाही, हेही तितकेच खरे.

अन्न कोठून येते असे विचारले, तर तेथील काही मुले पेट्रोल पंपावरून असे उत्तर देत. कारण पंपावरच्या दुकानापलीकडे जवळपास दुकानच नव्हते. १९९७ साली एका कापुचिन ब्रदरांनी परिसरातल्या मोकळ्या जागेत भाजीचे वाफे केले. पुढे त्यांची शेती झाली, आणि तिच्यात शेजारची माणसेही खपू लागली.