कर गेला, गुलामी राहिली!

१७६५ साली ब्रिटिश संसदेने अमेरिकेतील वसाहतींवर मुद्रांक कर लादला. वसाहतींचा सवाल पैशाचा नव्हता, हक्काचा होता: जिथे आमचा प्रतिनिधी नाही, ती संसद आमच्यावर कर कशी लावते? १७६६ मध्ये तो कर रद्द झाला, पण कर लादण्याचा अधिकार इंग्लंडने सोडला नाही. १७७३ मध्ये बोस्टनच्या बंदरात चहाच्या ३४२ पेट्या पाण्यात गेल्या. शिक्षा म्हणून इंग्लंडने बंदरच बंद केले. कराचे भांडण सत्तेचे झाले आणि ४ जुलै १७७६ रोजी स्वातंत्र्य जाहीर झाले.

पण कुणाचे? गुलामी त्यानंतरही १८६५ पर्यंत टिकली. प्रतिनिधित्व मागणारे मळेमालक स्वतःच्या गुलामांना माणूसही मानत नव्हते.

म्हणूनच जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती चहा बुडवणाऱ्यांना नाही, गुलामी मोडणाऱ्या अमेरिकनांना. मित्रांनो, स्वातंत्र्य मोजायचे तर शेवटच्या माणसापासून मोजा.